डहाणू ते झाई, एक फोडलेली जागा

झाईजवळची ती जागा मी फोडली. सुरेशने नाही. या फेब्रुवारीपर्यंत हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळसुद्धा नाही. जे समुद्रावर गरवतात (गळाने मासे धरतात) त्यांना जागा फोडणं म्हणजे काय ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी डहाणूपासून सुरुवात करतो.

दोन वर्षांहून जास्त काळ मी तिकडे फिरकलो नव्हतो. डहाणू रोडला उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पाठीवर दुमडती काठी, हातात बादली. स्टेशनबाहेरच्या बाजारात एका मासेवाल्या मावशींच्या टोपलीपाशी थांबलो.

"कोळंबी खायला पाहिजे का गळाला?"

"गळाला."

"मग ही कालची घ्या. माशाला काय, नाक मुरडायला बायको थोडीच आहे!"

कोळंबी घेतली आणि अर्धवट वाळलेले बोंबीलही घेतले. ओला बोंबील पहिल्याच फेकीत गळावरून सुटून जातो. थोडा वाळलेला असला आणि वरून दोऱ्याचे दोन वेढे दिले की टिकतो. शिंगाळा आणि वाम त्याच्यावर तुटून पडतात. ढोमीला कोळंबी लागते. खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी बसणारे जिवंत निवटी लावतात. चिखलात उड्या मारणारा तो बोटभर मासा हाताने धरणं हाच एक वेगळा खेळ आहे आणि मला तो कधी जमला नाही.

रिक्षा नरपडला सोडली. इथला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र घर सोडून गेला असं वाटावं. मग उघडे पडतात ते काळे खडक. भरती चढू लागली की त्या खडकांच्या कडेला मासा येतो, आणि तिथेच नवख्याचे गळ अडकतात. २०१४च्या हिवाळ्यात माझे असेच एकामागून एक गळ जात होते, तेव्हा मागून आवाज आला होता, "अहो पाहुणे, मासे धरताय का दगड?"

तो दत्तूभाऊ. घोलवडला चिकूच्या पेट्या भरून पाठवण्याचा त्याचा धंदा. मोठ्या आवाजाचा, थापाड्या, पकडलेला मासा दर वेळी सांगताना वीतभर वाढवणारा माणूस. त्याने माझं वजनाचं शिसं काढून टाकलं आणि खालचा एक लांबट दगड पोतं शिवायच्या सुती दोऱ्याने तंगुसाच्या (नायलॉनच्या दोरीच्या) टोकाला बांधला. गळ त्याच्या वर हातभर. दगड अडकला की हिसका द्यायचा. कच्चा सुती दोरा तुटतो, दगड जातो, गळ आणि मासा दोन्ही वाचतात. अशा कल्पना इतर किनाऱ्यांवरही असतील. पण त्याच दोऱ्याची, दगडाच्या कमरेला दोन फास टाकलेली ही बांधणी त्याची स्वतःची होती. ती तिघांनाच येत होती: तो, त्याचा मेहुणा सुरेश आणि त्या दिवसापासून मी.

पुढच्याच महिन्यात तो मला झाईकडे घेऊन गेला. तलासरी तालुक्याचा तो शेवटचा किनारा, पलीकडे गुजरात. तिथे खडकांमध्ये एक घळ आहे. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती सुरेशच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली. सुरेशने ती बहिणीच्या नवऱ्याला दाखवली आणि त्याने मला. "घरातली गोष्ट आहे," एवढंच दत्तूभाऊ म्हणाला.

मी घुमा माणूस. ऑफिसात, लग्नकार्यात, कुठेच मला ऐकायला कोणी थांबत नाही. पुढच्या वर्षी ठाण्यात गळाचं सामान विकणाऱ्या दुकानात चारपाच जण आपापल्या जागांच्या बढाया मारत होते. मी मोबाईलच्या नकाशावर त्या घळीवर बोट ठेवलं. मग दगड बांधूनही दाखवला. सगळे वाकून बघत होते. मला ते फार आवडलं.

एका हंगामात त्या घळीवर गाड्या भरून माणसं आली. मागोमाग कोणीतरी घळीच्या तोंडाला जाळं आडवं लावलं. २०१६च्या दिवाळीत मी दत्तूभाऊकडेच उतरलो होतो. भाऊबीज होती. सुरेश पाटावर बसला होता, त्याची बहीण, प्रमिलावहिनी, ओवाळणीचं तबक घेऊन आल्या होत्या. तेवढ्यात दत्तूभाऊने घळीत सापडलेले दगड त्याच्यासमोर ठेवले. आमचीच बांधणी, आमचाच दोरा.

"कितीला विकलीस?"

सुरेशने शपथ घेतली. दत्तूभाऊने ऐकलं नाही. पाहुण्यावर संशय घ्यायचं त्या घराच्या मनातही आलं नाही. सुरेश ओवाळून न घेताच उठून गेला, तो पुन्हा त्या घरात आला नाही. मी ताटातलं जेवण संपवलं.

नरपडहून चिखल्याला आलो, तिथे पाण्यात उभा राहून दोन ढोमी मिळाल्या. घोलवडला पोचेपर्यंत दुपार झाली होती. चिकूच्या बागांमधून जाणारा तो रस्ता मला नेहमीच आवडत आला आहे. सावली इतकी दाट, की माणूस आपोआप हळू बोलतो. दत्तूभाऊला मात्र हे लागू नाही.

"आवो आवो, साहेब! रस्ता आठवला म्हणायचा!"

"झाईला जाऊ या का?" मी विचारलं. कशासाठी विचारलं ते मलाच ठाऊक नव्हतं.

"तिथे काय आहे आता? बाटल्या. चला बोर्डीला."

बोर्डीला त्याने तीन शिंगाळे काढले आणि मी एक. गळ सोडवताना माशाच्या पंखातला काटा माझ्या तळव्यात खोल घुसला. ज्यांनी ही कळ सोसली आहे त्यांना सांगायला नको. कोपरापर्यंत आग. दत्तूभाऊ मला टेम्पोत घालून घरी घेऊन आला, आणि वहिनींनी सोसेल तेवढ्या गरम पाण्याची बादली पुढे ठेवली. या काट्याच्या विषाला तेच औषध.

"रडू नका, माधवराव," दत्तूभाऊ हसत होता. "शिंगाळ्याने आपला हिशोब चुकता केला."

वहिनी समोर जमिनीवर बसल्या. "भावोजी, बरं झालं आलात. वैशाखात पोरीचं लग्न आहे. तिला मांडवात आणायला मामा लागतो." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "हे म्हणतात, तुम्ही उभे राहा."

"मामाच्या जागी," दत्तूभाऊ म्हणाला. "आपलंच माणूस आहे."

हात बादलीत होता, उठता येत नव्हतं. मी म्हणालो, "ती जागा मी सांगितली होती. ठाण्यात. बांधणीसुद्धा मीच दाखवली. सुरेशने नाही."

"परत बोला," वहिनी म्हणाल्या.

मी परत बोललो.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. "तुमच्या आईच्या फोटोसमोर शपथ घेतली होती माझ्या भावाने."

"मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं, तर गप्प बसायचं होतं."

त्यांनी तिथेच फोन लावला. सुरेश बोटीवर होता, फोन लागला नाही. मग त्या आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या, बादलीतलं निवलेलं पाणी ओतून टाकलं, दुसरं गरम पाणी आणलं, माझा हात धरून त्यात ठेवला आणि परत आत गेल्या.

स्टेशनला दत्तूभाऊनेच सोडलं. वाटेत एकदाच बोलला. "तेव्हाच सांगायचं होतंस ना रे. चार शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं. आता मी कुठल्या तोंडाने त्याच्या दारात जाऊ?" पहिल्यांदाच तो मला अरेतुरे करत होता. मी उतरलो तेव्हा म्हणाला, "हात दोन दिवस भिजवू नको." पुन्हा ये, असं मात्र म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर चिकूच्या बागा मागे गेल्या, मग मिठागरं लागली. वाचकांना मी नरपड सांगितलं, चिखले सांगितलं, बोर्डी सांगितली. ती ठिकाणं सगळ्यांची आहेत, जरूर जा, बोंबील थोडा वाळवून घ्या. एखाद्याने विश्वासाने दाखवलेली जागा मात्र आपली नसते, आपण तिथे पाहुणे असतो. हे मला दुकानात उभं असतानाही माहीत होतं. भाऊबिजेच्या पंगतीत तर चांगलंच माहीत होतं.

वहिनींच्या तीन भाऊबिजा मी परत आणू शकत नाही. पण सुरेशची बोट वैशाखाआधी किनाऱ्याला लागेल. त्याच्या वाडीत जाऊन, ज्या म्हाताऱ्यांनी ती घळ राखली त्यांच्यासमोर आणि त्याच्यासमोर, मला म्हणायचं आहे की हे मी केलं, त्याने नाही. ते मी अजून म्हटलेलं नाही.