नाव न लिहिता ओळखू येणारी म्हैस

"गॉगल काढा," मी म्हणाले.

"का? ब्रँडेड हाय," आबा म्हणाले.

गॉगल आबांनी नव्हे, त्यांच्या म्हशीनं घातला होता. नाडीनं शिंगांना बांधला होता. मी कसबा बावड्यात त्यांच्या गोठ्यासमोर पालथी पडले होते, आणि कोपराखाली काय आलंय ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

मी कोल्हापुरात पाळीव प्राण्यांचे फोटो काढते. आधी लग्नांचे काढायचे. फारसा फरक नाही. तिथंही ज्याचा फोटो काढायचा तो उपाशी आणि वैतागलेला असतो आणि नातेवाईक मागून सूचना देत असतात. कुत्री, मांजरं, पोपट, एकदा एक कासवही झालं. म्हैस मात्र पहिलीच.

दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळते. चौकात शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. गेल्या पाडव्याला आबांनी या म्हशीचा, म्हणजे चांदीचा, फ्लेक्स लावला होता. फोटो मोबाइलवर काढलेला. खाली नाव होतं, पण फोटोत शिंगं तेवढी दिसत होती, बाकी सगळा अंधार. शेजारचे दिनकरमामा त्या फ्लेक्सखाली उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून सांगत होते, "आमच्या म्हशीचा फोटू लावलाय आबानं. शेजारी असावा तर असा."

आबांच्या ते जिव्हारी लागलं. मला बोलावलं तेव्हाच त्यांनी अट घातली.

"यंदा फ्लेक्सवर नाव न्हाय टाकायचं. नुसती बघून वळखली पायजे. न्हाय वळखली, तर पाडव्याला म्हस भाईर काढत न्हाय मी."

"आणि तोंड कुणाला दावत न्हाईत," आतून आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे त्यांची बायको. "गेल्या वर्षी आठ दिस गोठ्यातच जेवलं हे."

तर गॉगल. फोटोत प्राण्याचे डोळे दिसले पाहिजेत, आणि डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका चमकला पाहिजे. तो ठिपका नसला तर जनावर पेंढा भरल्यासारखं दिसतं. हे मी आबांना सांगितलं. त्यांनी गॉगल काढला आणि स्वतः घातला.

"आन् पडून का काढताय? चक्कर आली काय?"

उभं राहून खाली बघत काढलेला फोटो सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतो. प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा नेला की तो आपल्याशी बोलतोय असं वाटतं. चांदी मान खाली घालून कडबा खात होती, म्हणून मीही खाली. तिनं एकदा येऊन लेन्स चाटली. जीभ खरखरीत, लेन्स महाग. मी मनातल्या मनात रडले.

पुढची अडचण रंगाची. कॅमेऱ्याला काळं बघवत नाही. ऑटोवर ठेवला की तो काळ्या वस्तूला उजळवून राखाडी करतो. पहिला फोटो मी स्क्रीनवर दाखवला तर आबांचा चेहराच पडला.

"ही काय राख फासल्या व्हय तिला? काळी करा की ताई. आजून काळी."

आयुष्यभर 'जरा गोरं करा' ऐकलेल्या माझ्या कानांना किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी उजेड मुद्दाम कमी घेतला, तिला कलत्या उन्हात आडवं उभं केलं. कातडी अशी चकाकली की आबांनी गॉगल कपाळावर सरकवून पुन्हा बघितलं.

पण चांदी वर बघेना. कुत्र्यांसाठी माझ्याकडं चूं-चूं वाजणारं खेळणं असतं. वाजवलं. शेजारची दोन कुत्री आली. मी मांजरासारखं ओरडले, बकरीसारखं ओरडले. आक्का दारात येऊन बघून गेल्या.

"तिला ह्यातलं काय कळत न्हाय," आबा म्हणाले. "गाडीचा आवाज केला की बघत्या. थांबा."

मला ही कल्पना फार आवडली. आबा गाडी घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले. पुढं चांदी, मध्ये मी, मागं मोटारसायकल. पाडव्याच्या म्हशी मी लहानपणापासून बघत आलेय. तरीसुद्धा ही रांग बघून माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

आबांनी गाडी रेस केली. चांदीनं मान वर केली, कान पुढं आले, डोळ्यांत ठिपका चमकला. मी बटण दाबणार तेवढ्यात म्हैस निघाली.

ती चिडली नव्हती. तिला वाटलं, आपली रोजची फेरी निघाली. ती आनंदानं येत होती, पण आनंदी म्हशीचं वजन काही कमी होत नाही.

"बसा, बसा की मागं!" आबा ओरडले.

मी उठले, पळाले, बसले. घाईत उलटी बसले. गाडी सुटली. आबांचं तोंड रस्त्याकडं, माझं म्हशीकडं, पाठीला पाठ. एका हातानं मागचं कॅरिअर धरलं आणि दुसऱ्या हातातला कॅमेरा जीव मुठीत धरून चालू ठेवला. ऊस दोन्ही बाजूंनी मागं पळत होता. समोर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, चांदी. चारही पाय जमिनीवरून सुटलेले, गळ्यातल्या कवड्या उडालेल्या आणि जीभ डावीकडं बाहेर लोंबत असलेली.

"आली का?" आबांनी विचारलं.

"फोटोत का अंगावर?"

"दोन्ही सांगा."

निम्मे फोटो उसाचे आले. काही माझ्या गुडघ्याचे. एक चांदीचा.

पाडव्याआधी त्याचाच फ्लेक्स चौकात लागला. बाजूला शुभेच्छा, नाव कुठंच नाही. आबा समोरच्या कट्ट्यावर पेपर वाचायचं सोंग करून बसले. मी शेजारी. खरं सांगते, बारावीच्या निकालालाही मी एवढे देव आठवले नव्हते.

दिनकरमामा आले. चष्मा पुसून त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चांदी हाय की ही," ते म्हणाले.

आबांनी पेपर खाली केला. "कशावरनं?"

"कशावरनं म्हंजे? अशी डाव्या अंगाला जीभ काढून दुसरी कुणाची पळत्या? माझ्या बायकोची वाळत घातलेली साडी घिऊन गेलती, तवा अशीच जीभ हुती."

आबांचे डोळे भरून आले. गॉगल असल्यामुळं मामांना ते दिसलं नाही.

घरी आल्यावर आक्कांनी आतूनच विचारून घेतलं, फ्लेक्स किती मोठा झाला. मग म्हणाल्या, "म्हस चौकात, आन् माझा फोटू आधारकार्डावर."

त्यांचं शूट पुढच्या आठवड्यात आहे.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी आता एकच सांगते. कुठल्याही जनावराचा फोटो काढायच्या आधी मालकाला विचारून घ्या, हे कशाच्या मागं पळतं. आणि उत्तर ऐकल्यावरच कुठं उभं राहायचं ते ठरवा.