शंभरावी सही

ग्रामसभा बघायला कुणी सुट्टी घालवतं का, असं रांजणगावच्या कंपनीतले मित्र हसून म्हणाले. पण आत्याचा फोन आला होता, "आपल्या मोरीचा विषय हाय, ये." तिच्या वस्तीजवळच्या ओढ्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल, नाही. पाऊस लागला की पोरांची शाळा बुडते.

तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावरेमार्गे चौफुल्याला गेलो. वाटेत उसाचे ट्रॅक्टर लागतात, घाई करू नका. इतरांना तास लागतो, मला दीड लागला. चौफुल्याला ऐंशी रुपयांत झणझणीत मिसळ मिळाली. कासुर्डीच्या अलीकडे आत वळलं की आत्याचं गाव.

सभा दहाला होती, मी साडेनऊलाच हजर. पटांगणात रिकाम्या खुर्च्या आणि ग्रामसेवक भाऊसाहेब. गाव समोरच्या हॉटेलात.

"शंभर सह्या न्हाई झाल्या की सभा तहकूब," हॉटेलवाल्याने समजावलं. "तहकूब सभेला माणसं मोजत न्हाईत. धा मिन्टात उरकतं. तवर च्या घ्या."

आत्याची अडचण वेगळी होती. तिचा अर्ज उशिरा गेलेला; आज तो ऐनवेळचा विषय म्हणून चालणार होता, पण तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. म्हणजे मोरी थेट पावसाळ्यानंतर. भाऊसाहेबांनी साडेदहापर्यंत वेळ दिला. आत्या हॉटेलात शिरली आणि चहा पीत बसलेल्या आप्पांना म्हणाली,

"आप्पा, कप घिऊन चला, पण चला!"

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना नव्याण्णव सह्या झाल्या. कुणीतरी वही माझ्यापुढे सरकवली. "करा सही, पाव्हणं."

मी वही परत सरकवली. "माझं नाव तळेगावच्या मतदार यादीत आहे," मी म्हणालो.

"ह्याला कुणी बोलावलं?" आप्पा म्हणाले. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला परतीचा रस्ता आठवू लागला.

तेवढ्यात ओढ्यालगत शेत असलेले आबा हॉटेलातून ओरडले, "माझ्या बांधाला मोरी न्हाई होऊ द्यायचो! लिहून घ्या माझा विरोध!"

"आबा, सही केल्याबिगर विरोध लिहिता येत न्हाई," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले.

आबा तरातरा आले आणि त्यांनी झोकात सही केली. भाऊसाहेबांनी वही मिटली. "शंभर. सभा सुरू."

हात वर झाले. मोरीचा ठराव मंजूर, विरोधात एकटे आबा.

"आबा, तुमच्यामुळं झालं बगा!" हॉटेलवाला म्हणाला. आबा अजून सह्या मोजत होते.

निघताना आत्याने वांगी बांधून दिली. घरी पोचल्यावर तिचा फोन आला, "खरं बोललास ते बरं केलंस. पर पुढच्या बारीला जरा सावकाश बोल."

मी हो म्हणालो. पण आबा चहा पीत तिथेच बसून राहिले असते तर मी वस्तीवरच्या पोरांना काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.