मधल्या खोलीची आगगाडी

माझे भावजी दात करायचे. खोटे दात. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेऊन लॅबमध्ये पाठवायचे आणि भावजी त्यावरून मेणात, प्लास्टरात कवळी घडवायचे. अर्धं गाव माझ्या दातांनी जेवतं, असं ते म्हणायचे. ते स्वतः क्वचितच हसायचे आणि बोलायचे त्याहून कमी. ताईचं लग्न झालं तेव्हा आम्हाला वाटलं, माणूस लाजाळू आहे. मग मधल्या खोलीत आगगाडी आली आणि कळलं की लाजबीज काही नाही, माणसाचं लक्षच दुसरीकडे आहे.

मधली खोली खरं तर जेवणाची. ताईचं टेबल तिथून उठलं आणि स्वयंपाकघरात कपाटाला चिकटून बसलं. रिकाम्या खोलीत चारी भिंतींच्या कडेनं कमरेच्या उंचीची फळी फिरली. फळीवर रूळ आले, रुळांच्या कडेला स्टेशनं, पूल, मालधक्का, बोगदा. डोंगर दातांच्या प्लास्टरचे, कारण त्यात त्यांचा हात बसलेला. साधं प्लास्टर नाही, कवळीचा साचा ज्याचा करतात ते, दगडासारखं घट्ट होणारं. स्टेशनांची छपरं त्यांनी कवळीच्या हिरड्यांना लागते त्याच गुलाबी पावडरीची केली होती. सगळं गाव आ वासून बसल्यासारखं दिसतं, असं मी म्हटलं तेव्हा ते खरोखर मोठ्यानं हसले. तेवढ्या एका बाबतीत आमचं जमायचं.

"भावजी, माझ्या नावाचं एखादं स्टेशन आहे की नाही?" मी विचारायची.

"आहे की. तिथे गाडी थांबत नाही."

खेळणं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. भिंतीवर वेळापत्रक होतं आणि त्याप्रमाणे गाड्या सुटायच्या. एक्स्प्रेस यायची असली की मालगाडी बाजूच्या रुळावर घ्यायची, एक्स्प्रेस गेली की मग तिला सोडायचं. ताई जेवायला हाक मारायची आणि आतून उत्तर यायचं, "लाइन मोकळी नाही." जेवण थंड व्हायचं, ती परत गरम करायची, लाइन काही मोकळी व्हायची नाही. माझं डोकं फिरायचं. ताईचं फिरायचं नाही, आणि त्यामुळे माझं आणखी फिरायचं. मूलबाळ नाही, घरात दोनच माणसं, त्यांतलं एक दिवसभर लॅबमध्ये आणि उरलेला वेळ रुळांमध्ये. ही बाई बोलत होती कोणाशी?

त्यातून ती फळी खोलीच्या दारासमोरूनही जायची. नेमका दारातच बोगद्याचा डोंगर होता, छातीपर्यंत उंच. आत जायचं तर वाकून, फळीखालून रांगत मधल्या मोकळ्या जागेत निघायचं. भावजी तिथे उभे राहून गाड्या चालवायचे; चहूबाजूंनी रूळ आणि मध्ये ते. सुरुवातीला ताई चहा घेऊन रांगत जायची. पुढे तिचे गुडघे गेले आणि चहा डोंगरावरून पलीकडे जाऊ लागला. तिथे उचलायची फळी करा, म्हणजे दार होईल, असं ती एकदा म्हणालीही. त्यावर भावजींनी तिला समजावलं, की रूळ कापला की केसाएवढा फरक राहतोच आणि गाडी नेमकी तिथेच घसरते. आजवर एकही काप न देता त्यांनी पूर्ण फेरा जोडला होता. ताईनं तो विषय सोडून दिला.

एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी भाजी निवडत गप्पा मारत होतो. म्हणजे मी मारत होते. मध्येच ताईनं मान वर केली.

"गाडी थांबत नाहीये," ती म्हणाली.

"मग फिरू दे की. कधी नव्हे ते."

"स्टेशनात थांबत नाहीये ती." आणि हातातली भाजी तशीच टाकून ती उठली.

डोंगराच्या पलीकडे भावजी जमिनीवर पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. डोळे उघडे होते आणि ते आमच्याकडे बघत होते. मी दारातच उभी राहिले. ताई मात्र गुडघ्यांवर बसली आणि फळीखाली शिरली. किती वर्षांनी, कोण जाणे. आडव्या पट्ट्यांवर तिचं डोकं आपटत होतं, ते मला बाहेर ऐकू येत होतं. मी रुग्णवाहिकेला फोन केला. वर फळीवर गाडी फिरतच होती. कुठली कळ दाबायची ते ताईला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

रुग्णवाहिकेची दोन माणसं आली आणि दारातच थबकली. वरून उचलून घ्यावं तर मध्ये डोंगर, खालून काढावं तर पट्ट्या, वायरी आणि सामानाचे खोके. भावजी रोज त्या बोळातून ये-जा करायचे, पण अंग सावरून. आता ते अंग सावरायलाच तयार नव्हतं. एक जण आत शिरला आणि दोघांनी त्यांना चादरीवर घेऊन ओढलं. खांदा पट्टीत अडकला. परत मागे घेतलं, कुशीवर वळवलं, पुन्हा ओढलं, पुन्हा अडकला. भावजींच्या तोंडून जनावरासारखा आवाज आला.

"मावशी, हे फोडावं लागेल," बाहेरचा माणूस म्हणाला.

"नको!" ताई आतून ओरडली. "त्यांना सगळं कळतंय. बघतायत ते."

"अगं, काय बघतायत?" मी किंचाळले. "मरतील ते तिथे! तुला डोंगर हवाय का नवरा?"

"ते नाही राहायचे मग. तुला नाही कळत. हे मोडलं तर ते नाही राहायचे."

तो माणूस शांतपणे म्हणाला, "मावशी, उशीर होईल तेवढं अंग जाईल. नंतर परत येत नाही ते."

 ताईनं भावजींचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही तळहातांनी त्यांचे कान घट्ट झाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोड."

त्या आगगाडीवर हातोडा घालायचं मी मनातल्या मनात कितीदा ठरवलं असेल. पण त्यांच्याच हत्यारांतला खरा हातोडा हातात आला आणि तो डोंगर काही फुटेना. नुसते टवके उडत होते. मी रडत होते, शिव्या देत होते, डोंगराला, प्लास्टरला, भावजींना, आणि घाव घालत होते. शेवटी बोगद्याचं तोंड ढासळलं. गाडी फिरून आली आणि डब्यांसकट माझ्या पायांशी कोसळली. त्या माणसानं उरलेली फळी भावजींच्याच करवतीनं कापली, स्ट्रेचर जाईल एवढी, आणि भावजींना बाहेर काढलं. जाताना ते कुठे बघत होते ते मी पाहिलं नाही. माझी छाती झाली नाही.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घास तोंडात घातला तर तो गालातच ठेवायचे. डावा हात धडधाकट होता, पण तोही उचलायचे नाहीत. व्यायाम शिकवणारी बाई चांगली होती, पण तिनंही हात टेकले. ती ताईला म्हणाली, "मी हात ओढून काय होणार? त्यांना स्वतःला काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत ते."

ताई ते ऐकून घरी आली आणि कामाला लागली. भावजींच्या लॅबमधले एक थोरले कारागीर तिनं बोलावून आणले. त्यांनी फळी सांधली, रूळ जोडून दिले. डोंगर मात्र तिनं स्वतः केला. प्लास्टर कधी पातळ व्हायचं, कधी ताटलीतच घट्ट व्हायचं. सकाळी दवाखाना, दुपारी डोंगर. पदरात पडलं ते एखाद्या उशीसारखं काहीतरी होतं, त्यावर तिनं हिरवा रंग फासला आणि स्पंजची झाडं टोचली. बोटांना चिरा पडल्या. मी म्हटलं, "ताई, त्यांना कळेल की हा तुझा डोंगर आहे." ती म्हणाली, "कळू दे. गाडी तर फिरेल. फिरताना बघितली की त्यांना हुरूप येईल." तिचा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला होता.

त्यांना चाकांच्या खुर्चीतून घरी आणलं तेव्हा ताईनं आधी मधल्या खोलीकडेच नेलं. दिवे लावलेले होते. कारागीर आत उभे होते, त्यांनी गाडी सोडली. ती बोगद्यातून निघाली, पूल ओलांडला, गुलाबी छपरांपुढून गेली आणि परत आली. फेरा पूर्ण होता. ताई भावजींच्या तोंडाकडे बघत होती.

आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग डावा हात वर आला. दवाखान्यात कोणाला जमलं नव्हतं ते झालं. मी आनंदानं ताईचा दंड धरला. हात फळीच्या कडेला लागला. मग डाव्या पायानं जोर लावून त्यांनी खुर्ची पुढे ढकलली. ती फळीवर आदळली. मागे घेतली, पुन्हा आदळली. पुन्हा. आणि ते रडू लागले, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

"डोंगर चुकला का?" ताईचा चेहरा उतरला. "अहो, मी दुसरा करते. चांगला करते. मला नीट जमला नाही."

ते मान हलवत होते. मग ते एकदम पुढे वाकले आणि फळीखाली डोकं घालू लागले. खुर्ची कलंडली. मी धरलं नसतं तर तोंडावरच पडले असते. त्यांना मागे ओढलं तर त्यांनी माझ्या हाताला चावा घेतला.

ताईनं कपाळावर हात मारला. "आत जायचंय त्यांना," ती म्हणाली.

आणि आत जायला वाट नव्हती. होती ती तिनंच बुजवली होती, एवढी राब राब राबून.  मला वाटलं, आता ही बसेल आणि उठणारच नाही. ती बसली नाही. हातोडा घेऊन आली. कारागिरांनी गाडी थांबवली. या वेळी तिनं भावजींचे कान झाकले नाहीत. खुर्ची वळवून त्यांना समोर बघायला लावलं आणि घाव घातला. भावजींचा डोंगर मला दाद देत नव्हता, तिचा लगेच पडला. तिला प्लास्टर कालवता येत नव्हतं ना. मग करवत. मग तिनं भुगा झाडला आणि खुर्ची आत ढकलली.

भावजींनी नाक पुसलं नाही. डावा हात थेट वेग कमीजास्त करायच्या बटणावर गेला.

त्या दिवसापासून ते जेवतात. डावा हात नीट चालतो, उजव्याचं एक बोट किंचित हलतं. वाचा काही आली नाही. काही हवं असलं की ते फळीवर टकटक करतात. गाडी एका टोकाकडून निघते, खोलीभर फिरते आणि दुसऱ्या टोकाला येते, आणि तिथे रूळ संपतात. दारातल्या त्या कापलेल्या जागेत ताई उभी असते. आलेलं इंजिन ती हातात घेते, मग एकेक डबा, आणि वळून पलीकडच्या रुळावर ठेवते. चाकं रुळात बसवायला तिला वेळ लागतो. भावजी थांबतात. मग ती मान हलवते आणि ते गाडी सोडतात. ती जागची हलली तर गाडी जमिनीवर जाईल, म्हणून ती हलत नाही. तिचे पाय सुजून खांबासारखे झालेत. मी हे बघते आणि मला दोघांचाही राग येतो.

परवा मी माझ्या मनानं सुतार घेऊन गेले. तो चांगला जाणकार निघाला. बिजागरी लावून उचलायची फळी करतो, रूळ तंतोतंत जुळवून देतो, खुर्ची सहज आत-बाहेर जाईल, म्हणाला. त्यानं टेप काढला. ताईनं तो त्याच्या हातातून घेतला, गुंडाळला आणि परत त्याच्या हातात दिला.

मी तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "वेड लागलंय का तुला? पाय बघ तुझे! एका दिवसाचं काम आहे त्याचं."

"असू दे."

"असू दे काय? मरशील उभी राहून राहून."

ती माझ्याकडे वळली. इतकं म्हातारं तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. "दार झालं की गाडी आपली आपण फिरेल," ती म्हणाली. "मग त्यांना माझं काय काम?"

 मधल्या खोलीतून टकटक झाली आणि ती हात पुसत गेली.