नाणी मोजायचं मशीन निवडताना

नाणी मोजायचं मशीन निवडायला मी नऊ महिने घेतले. त्यासाठी केलेली वही अजून घरात आहे. दोनशे पानी, त्यातली एकसष्ट पानं भरलेली. सुरुवातीला मी ती अभिमानाने लोकांना दाखवायचो.

आम्ही डोंबिवलीत राहायचो. मी ठाण्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो. कारखान्याचं काही खरं दिसत नव्हतं, म्हणून ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही बायकोच्या नावावर वजनाच्या मशिनांचा जोडधंदा सुरू केला. माणूस वर उभा राहतो, रुपया टाकतो, रंगीत दिवे फिरतात आणि वजन व भविष्य छापलेली चिठ्ठी बाहेर पडते, ती मशिनं. बारा होती. एक नौपाड्यात औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, एक कल्याणला इस्पितळाच्या दारात, एक डोंबिवलीत थिएटरबाहेर, अशी पसरलेली. सगळ्यात टोकाचं आंबिवलीला, एका वयस्कर आगरी बाईंच्या सोडा-लेमनच्या दुकानापुढे. ज्याची जागा त्याला गल्ल्यातला चौथा हिस्सा, असा करार होता. त्यामुळे बारा पिशव्या वेगवेगळ्या मोजाव्या लागत. शनिवार-रविवारी मी फिरून मशिनं रिकामी करायचो. सोमवार-मंगळवारी दुपारी बायको परातीत नाणी ओतून मोजायची. आठवड्याला साधारण तीन हजार तीनशे नाणी.

त्याआधी ती ब्लाउज शिवायची. आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या बायका तिच्याकडेच यायच्या. शिवणाचे महिन्याला सहाशे सुटायचे, मशिनांचे सगळा खर्च जाऊन पाच हजार. शिवण बंद करून तिने मोजणी सांभाळावी हे मीच सुचवलं. ती म्हणाली, धंदा मार्गी लागला की पुन्हा सुरू करीन.

दोन वर्षांनी तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू लागली. मग बारीक फोड, मग भेगा. तिने धुण्याची पावडर बदलली, भांड्यांचा साबण बदलला. शेवटी नौपाड्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या पाठीवर दहा-बारा पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. एकाच पट्टीखाली लाल चट्टा उठला होता. निकेल, ते म्हणाले. नाण्यांतलं.

"मलम मी देतो वहिनी, पण नाण्यांना हात लावणं आजपासून बंद. आत्ता थांबलात तर चार-सहा महिन्यांत हात सुधारतील. शिवणसुद्धा कराल. उशीर झाला तर मग ते जन्माचं."

मोजणी मी माझ्याकडे घेतली. पण माझा हात मंद, आणि प्रत्येक पिशवी दोनदा मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोमवारी सुरू केलेलं काम गुरुवारी संपायचं. म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढावं लागणार होतं, तेव्हा निवड चुकता कामा नये असं मी मनाशी पक्कं केलं.

वहीत रकाने आखले. किंमत, मिनिटाला किती नाणी, वीज किती खातं, दुरुस्तीवाला कुठला, सुटे भाग किती दिवसांत मिळतात. ठाणे, कल्याण आणि फोर्टातले मिळून सात विक्रेते झाले. दर शनिवारी एकाकडे, आळीपाळीने, पुन्हा पुन्हा. एकाने नोटा मोजायचं मशीनही गळ्यात मारायचा प्रयत्न केला. आम्ही किराणा दुकानदारांना चिल्लर द्यायचो आणि त्यांच्याकडून एक-दोन-पाचच्या नोटा यायच्या, त्यामुळे मलाही मोह झाला होता. पण मी माझीच पुडकी घेऊन गेलो. टाचणीने भोकं पडलेल्या, घामाने मऊ झालेल्या दोनच्या नोटा. त्या मशीनने पहिल्याच पुडक्यात तीन नोटा फाडल्या. विक्रेता म्हणाला, "साहेब, नोटा चांगल्या आणा." मी म्हणालो, आमच्याकडे अशाच येतात. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

नाण्यांच्या मशीनच्या चाचणीला मात्र मी आमची नाणी नेली नाहीत. नोट मळते, फाटते. रुपयाचं नाणं सगळीकडे सारखंच, असं मी धरून चाललो. विक्रेत्याने बँकेतून आणलेली कोऱ्या नाण्यांची पिशवी ओतली, यंत्राने एक हजार मोजले, मी हाताने पडताळले, एक हजार भरले. चौदा हजार आठशे रुपये. नऊ महिने त्यात गेले होते, आणि वर्षअखेरीच्या कामात मी अडकलो की त्या नऊ महिन्यांतही अधूनमधून तीच मोजत होती. मशीन आलं की संपेल, असं दोघंही म्हणत होतो.

मशीन शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवलं. उंची बरोबर होती आणि प्लग शेजारीच होता. पहिल्या रविवारी मी स्वतः चालवलं तर ते अकरा वेळा अडकलं. विक्रेत्याचा माणूस आला, त्याने एक स्क्रू फिरवला, स्वतःची नाणी घालून दाखवली आणि गेला. सोमवारपासून बायकोने चालवायचं ठरलं होतं. पावशेराच्या मापाने नाणी ओतायची, हात लावायचा नाही. संध्याकाळी घरी आलो तर कागदावर बारा आकडे मांडलेले. अडकलं का, विचारलं. ती म्हणाली, एकदाही नाही. मी वहीत लिहिलं: अडकणे शून्य. असे सहा आठवडे शून्य लिहिले.

हात मात्र सुधारत नव्हते. ती म्हणायची, मलम सावकाश काम करतं.

सातव्या आठवड्यात कारखान्यात संपाची गडबड होऊन आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आलो तर ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. समोर नाण्यांचा ढीग, हातात सुती हातमोजे, आणि हातमोज्यांची बोटं टोकाला कापलेली. हातमोजे घातले की कुठला रुपया जुना आणि कुठला नवा ते कळत नव्हतं, म्हणून कापलेली. जुना रुपया जाड आणि थोडा मोठा, त्याच सुमारास आलेला नवा लहान आणि पोलादी. मशीन एका वेळी एकच जात मोजायचं. जुना मध्ये आला की अडकायचं, म्हणून ती आधी जुने वेचून बाजूला काढायची. माझ्या वहीत रकाना होता: नाणे, एक रुपया. तो एकच रकाना होता.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नऊ महिने घेतलेत हो. सांगून काय करणार होते?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही रुपये टेबलावर ठेवायला सांगितले आणि कापसाच्या बोळ्यावर औषध घेऊन एकेक चोळला. नव्यावर बोळा पांढराच राहिला. जुन्यावर गुलाबी झाला. म्हणजे मशीन जे नाणं विनातक्रार मोजत होतं त्यापासून तिला काहीच धोका नव्हता, आणि जे ती बोटांनी वेचून काढत होती तेच तिला खात होतं. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, सुईला निकेलचा मुलामा असतो, कात्रीला असतो, ब्लाउजच्या हुकांना असतो. आता तेही नको. परत येताना तिने एकदाच विचारलं, "कायमचं?" उत्तर तिला माहीत होतं.

त्यानंतर दोन-तीन शनिवारांनी आंबिवलीला गेलो. दुकानासमोरच्या फळीखाली कुणाचे तरी सुटे पैसे सांडले होते. आगरी बाईंनी फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून खाली सोडलं आणि वर ओढलं. चार रुपये चिकटून आले. चारही नवे.

"जुना रुपया हट्टी हाय, दादा," त्या हसत म्हणाल्या. "तो येत नाय. त्याला हातानंच काराया लागतं."

मी तिथेच बाकावर बसलो. त्यांना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी सोडा फोडून दिला. लोहचुंबक मागितलं तर दोरीसकट दिलं, पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर परातीत एक पिशवी ओतली आणि वरून लोहचुंबक फिरवलं. नवे रुपये झुबक्याने वर आले, जुने तळाशी राहिले. आठ-दहा वेळा फिरवलं तेवढ्यात पिशवी वेगळी झाली. तेही एकाही नाण्याला बोट न लावता. ती दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. हात पदरात गुंडाळलेले होते.

"इतकंच होतं?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

तेव्हापासून मोजणी मीच करतो. एक तास लागतो. मशीन चांगलं आहे, इतक्या वर्षांत एकदाच पट्टा बदलावा लागला. कणीक मी मळतो, तीही एव्हाना बरी जमते. शेजारणी ब्लाउजची विचारपूस करायला यायच्या बंद झाल्या त्या दिवाळीत मी तिला विचारलं, शिवणयंत्र विकून टाकायचं का. तिने टेबलाकडे बघितलं.

"मग तुमचं मशीन कशावर ठेवणार?"