भोयर सरांचा मे महिना

१४ मे. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुऊन मी टेबलावर पालथ्या घालत होते, तेव्हा सरांच्या मुलीचा फोन आला. सर पहाटे गेले. उरलेल्या बाटल्या धुतल्या आणि मग त्यांच्या घरी निघाले.

भोयर सर वर्ध्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही एका कामावर एकत्र आलो. तळेगाव श्यामजीपंतच्या अलीकडे एक कारखाना बंद पडला होता आणि मागे क्रोमियमच्या गाळाने भरलेले खड्डे ठेवून गेला होता. जमिनीत उतरलेलं विषारी पाणी उपसायला पंप कुठे बसवायचे, हे ठरायचं होतं. ती घाण पुढे कुठे सरकेल हे संगणकावर सांगणारी तीन मॉडेलं तीन कंपन्यांनी आणली. त्यातलं कोणतं भरवशाचं, हे सरांनी सांगायचं.

सर संगणकासमोर खुर्ची उलटी ठेवून बसत आणि वर्गातल्या पोराला विचारावं तसं त्याला विचारत, "सांग बे, गेल्या साली काय झालतं? उद्याचं मंग सांगजो."

हीच त्यांची परीक्षा. विहिरींतल्या पाण्याच्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी ते कपाटात बंद ठेवत, जुन्या तेवढ्या मॉडेलला देत आणि पुढचं त्याच्याकडून वदवून घेत. दोन मॉडेलं साफ नापास झाली. तिसऱ्याची उत्तरं मात्र नोंदींशी जुळली. त्याच्या मते घाण नाल्याकडे जात होती. उलट बाजूच्या वस्तीची विहीर सुरक्षित, तिथे पंपाची गरज नाही. सरांनी सही केली.

एप्रिल संपता संपता ते प्रयोगशाळेत आले. घाम पुसत म्हणाले, "बाई, आपल्या नोंदी कोणत्या महिन्यांतल्या?"

मी पाहिलं. सगळ्या दिवाळी ते होळी.

सर हसायला लागले. "उन्हात आपला एकही माणूस हलला नाई! मॉडेलले आपण फक्त हिवाळा शिकवला आन् परीक्षाबी हिवाळ्याचीच घेतली."

मेमध्ये आम्ही दोघं गेलो. सरांच्या खिशात कांदा, डोक्याला ओलं उपरणं. वस्तीपलीकडच्या संत्र्याच्या बागांत सगळ्या मोटारी चालू होत्या. त्यांनी जमिनीतलं पाणी आपल्याकडे ओढलं होतं. खड्ड्यांजवळची पातळी वर, वस्तीच्या विहिरीची खाली. म्हणजे उन्हाळ्यात पाणी उलटं, वस्तीकडे वाहत होतं.

बैठकीत कंपनीचा माणूस चिडला. "सर, आमचं मॉडेल तुमच्याच परीक्षेत पास झालं होतं."

"झालं ना," सर म्हणाले. "पेपर मीच सोपा काढला होता." आणि सही मागे घेतली.

विहीर पिण्यासाठी बंद झाली. पाण्यात तेव्हा काहीच सापडलं नव्हतं, त्यामुळे वस्ती खवळली. विहिरीशेजारच्या कमलाबाईने सरांना अडवलं, "काऊन जी, आमच्या गोड पाण्याले कुलूप लावून राह्यले?"

"लावून राह्यलो. शिव्या मले द्या, पाणी टँकरचं प्या."

तिने मनसोक्त दिल्या. सरांनी उभं राहून ऐकल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याच विहिरीच्या नमुन्यात मला क्रोमियम सापडलं. मी उत्साहाने सांगायला गेले, तर म्हणाले, "नाचू नका. एकच उन्हाळा झाला." वस्तीच्या बाजूला पंप बसले ते त्यानंतर.

ते पंप अजून चालू आहेत. आता कंपनीने नवं मॉडेल आणलंय: पाणी स्वच्छ झालं, पंप बंद करा, विहीर उघडा. मेमधली पातळी आणि नमुना घेतल्याशिवाय हे तपासता येणार नाही. आमचं ऑफिस म्हणतं, ऊन फार आहे, दिवाळीनंतर बघू. गेल्या आठवड्यात सरांना फोनवर हे सांगितलं, तर खोकत एवढंच म्हणाले, "मे सोडू नका, बाई."

संध्याकाळी अंत्यविधीहून परतल्यावर मी बाटल्या पिशवीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने गेले. विहिरीपाशी कमलाबाई होती. "एकल्याच आल्या? सर नाई आले?"

"सर काल वारले."

माझ्या हातातली छत्री घेऊन तिने माझ्या डोक्यावर धरली. मी पातळी मोजायचा टेप विहिरीत सोडला.