खुशालरावांच्या माशांच्या उवा

कौशल्याबाईंची बत्तीस वर्षं अमरावतीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसण्यात गेली. पुसता पुसता त्या प्राध्यापकांपेक्षा जास्त शिकल्या आणि तसं त्यांना ऐकवतही. निवृत्तीनंतर लोक आजारी मासे दाखवायला त्यांना बोलावू लागले. मासे त्यांना आवडत. पाळणारी माणसं मुळीच नाही.

शेंदूरजनाघाटचे संत्र्यांचे व्यापारी खुशालराव त्यातलेच. दिवाणखान्यात सहा फुटी टाकी आणि सोफ्याला शोभतील असे निवडून आणलेले गोल्डफिश. मासे चार दिवसांपासून दगडांवर अंग घासत होते.

"नजर लागली असंन," खुशालराव म्हणाले. "वास्तूवाल्यानं टाकीची दिशा बदलायले सांगतलं, तेही केलं."

"दिशा बदलल्यानं खाज जाते काय?"

बाईंनी एक मासा ओल्या फडक्यात धरला आणि पराच्या मुळाशी भिंग नेलं. मसुरीच्या डाळीएवढं, चपटं, हिरवट काहीतरी चिकटलं होतं.

"ते ठिपके जन्माचेच असतीन."

"ठिपके चालत नाईत, भाऊ. ह्या उवा होत. रक्त पिऊन राहिल्या. नवे मासे कुठून आणले?"

जावयाच्या शेततळ्यातून चार आणले होते. आठ-पंधरा दिवस वेगळे न ठेवता तसेच टाकीत सोडले होते.

"उवा म्हणू नका," खुशालराव हळूच म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले आज."

बाईंनी चिमट्यानं एकेक ऊ उपटली, जखमेवर जंतू मारणाऱ्या पोटॅशच्या पाण्याचा कापसाचा बोळा टेकवला. बोळे हातात देणाऱ्या खुशालरावांच्या सुनेनं, आकांक्षानं विचारलं, "मावशी, पुढं काय ध्यान ठेवाव?"

"तुमच्या घरात ध्यान ठेवणार कोण?" म्हणत बाई बस धरायला निघाल्या.

सतराव्या दिवशी आकांक्षाचा फोन आला. "मावशी, काचेवर खसखशीसारखे दाणे ओळीनं चिकटलेले होते. मी रोज पाहून राहिली होती. पाच-सहा दिवसांआधी ते फुटले. काल दोन मासे मेले."

बाई खुर्चीवर बसल्या. ती अंडी होती. उवा काढल्या तरी काचेवरची, दगडांवरची अंडी राहतात, हे त्यांनी कॉलेजातल्या पोरांना दरवर्षी दाखवलं होतं. इथे तुच्छतेच्या भरात सांगायचंच राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्या पोचल्या. मासे टबात काढले, नव्या उवा वेचल्या, टाकी खरवडून कोरडी केली, दगड गच्चीवर उन्हात टाकले. "महिनाभर रोज मासे तपास," त्या आकांक्षाला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चूक माही होती. तुले तवाच सांगाले पायजे होतं." एवढं बोलायला त्यांना फार जड गेलं.

उरलेले मासे वाचले. दिशा बदलल्याचा गुण आला, असं खुशालरावांनी पाहुण्यांना सांगितलं.

आता आसपासचे लोक माशांसाठी बाईंच्या हाताखाली शिकलेल्या आकांक्षालाच बोलावतात. "आमच्या घराण्यातच माशांची जाण हाये," खुशालराव म्हणतात. ते ऐकलं की कौशल्याबाई अर्धा चहा तसाच ठेवून उठतात.