चीफचे कान

चिखलोलीत हरिचंद्र भोपींना नावाने कुणी ओळखत नाही. सगळे त्यांना चीफ म्हणतात. नौदलातून चीफ पेटी ऑफिसर होऊन घरी आलेला गावातला हा एकमेव माणूस. बापजाद्यांनी जिथे भात लावला तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर चीफ राहतात. पाण्याचा टँकर उशिरा आला की खाली उतरून टँकरवाल्याची अशी हजेरी घेतात, की तो बिचारा पाइप सोडून सलाम ठोकायच्या बेतात येतो.

चोवीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी कानांवर काढली. युद्धनौकेच्या पोटात एक थंडगार, अंधारी खोली असते. तिथे चार-चार तास हेडफोन लावून समुद्र ऐकत बसायचं, हे त्यांचं काम. सोनार यंत्रावरची ड्यूटी, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपायची. वर कुणाला वाटतं पाणी मुकं असतं. तसलं काही नाही. कोळंबी कढईतल्या मोहरीसारखी तडतडते, मासेमारी ट्रॉलरचा पाण्याखालचा पंखा वेगळा वाजतो, तेलाच्या जहाजाचा वेगळा. चीफ डोळे मिटून पंख्याची पाती मोजून सांगायचे. एका सरावात आपलीच एक पाणबुडी शत्रू बनून, मशीन बंद करून तळाशी दडून बसली होती. तीन जहाजं दिवसभर तिला शोधत होती. शेवटी पाणबुडीत कुणाच्या तरी हातून पाना पडला आणि चीफनी दिशा सांगितली. खुद्द कॅप्टनने खाली येऊन पाठ थोपटली. ही गोष्ट त्यांनी गावात किती वेळा सांगितली याला गणती नाही. बायको, संजीवनी, तर पाना पडायच्या जरा आधीच उठून चहा ठेवायला जायची.

तेच कान चाळिशीत दगा द्यायला लागले. तोफांच्या सरावाने म्हणा, इंजिनांच्या घरघरीने म्हणा, बारीक आवाज हरवायला लागले. नौदलात दरवर्षी तपासणी होते. काचेच्या खोलीत बसवतात, कानात बारीक शिट्टी वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. नापास झालेला माणूस जहाजावरून उतरतो आणि किनाऱ्यावरच्या गोदामात ब्लँकेटं मोजत बसतो. चीफना हे मरणाहून वाईट वाटत होतं. त्यांनी काचेतून तपासणाऱ्या शिपायाचं कोपर पाहून ठेवलं. शिट्टी वाजवताना ते किंचित हलायचं. कोपर हललं की चीफ बटण दाबायचे. शेवटची तीन वर्षं ते असेच पास झाले. लबाडीच ती, दुसरं काय. मोहिमेवर असताना ते पडद्यावरच्या रेघांवर नजर खिळवून बसायचे आणि शेजारच्या पोरांचे चेहरे वाचायचे. त्या तीन वर्षांत काही विपरीत घडलं नाही, हे त्या जहाजावरच्या सगळ्यांचं नशीब.

घरी आल्यावर वीस वर्षांत उरलेलंही गेलं. पण ज्या माणसाने पाना ऐकला त्याने ‘काय म्हणालात?’ असं विचारायचं कसं? त्यांनी सोपा मार्ग काढला. समोरच्याच्या ओठांवरून जेवढं कळेल तेवढं घ्यायचं, नाही कळलं तर ओठ थांबले की हसून मान डोलवायची आणि ‘हो, हो’ म्हणायचं. यात निम्मं जग खूश राहतं. टीव्हीचा आवाज मात्र पार खालच्या गेटवर जायला लागला, तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला राहणारी लेक उन्नती त्यांना कान तपासायला घेऊन गेली. तिथेही काच होती आणि काचेपलीकडे बटणावर एका मुलीचं बोट होतं. चीफना आणखी काय हवं? रिपोर्ट आला, वयाच्या मानाने कान उत्तम.

“कान बरे हायेत की,” संजीवनी म्हणाली. “म्हंजे माजंच तेवढं आयकू येत नाय.”

ती हसत म्हणाली होती, पण ते तिच्या मनात बसलं. त्या दिवसापासून चीफनी वळून पाहिलं नाही की तिला वाटायचं, मुद्दाम करतात. निम्मं आयुष्य हा माणूस समुद्रावर, आणि घरी आला तर हाकेला ओ देत नाही. ती दुखावत गेली. चीफना ते दिसत होतं. एका वाक्याने तिचं दुःख संपलं असतं, हेही त्यांना कळत होतं. पण ते वाक्य काही त्यांच्या तोंडातून निघालं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दोघांची जुंपली. बेलवलीला बहिणीकडे साखरपुड्याला जायचं का, असं आदल्या संध्याकाळी तिने विचारलं होतं आणि यांनी मान डोलवली होती. सकाळी ती लुगडं काढून बसली तर हे म्हणतात, “कुठं जायचंय?”

“काल हो म्हनलाव ना तुमी!”

“मी? कधी?”

“राव दे. तुमाला माजं काय पडलंय!” असं म्हणून तिने लुगडं परत कपाटात कोंबलं.

अकराच्या सुमारास ती आंघोळीला गेली. चीफ गॅलरीत घराकडे पाठ करून पेपर वाचत होते. न्हाणीघरात तिचा पाय घसरला, डोकं नळावर आपटलं, खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या माधवीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून “अहो, अहो” अशा हाका ऐकू आल्या. तिने येऊन बेल दाबली, दार बडवलं, फोन केला. चीफनी खेळाचं पान वाचून संपवलं, मग पाणी प्यायला उठले, तेव्हा त्यांना दाराची कडी थरथरताना दिसली. अर्धा तास होत आला होता.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात संजीवनीने डोळे उघडले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. चीफ उशाशी बसले होते, उन्नती पायाशी. संजीवनी नवऱ्याकडे बघून काहीतरी बोलली. मास्कखाली ओठ दिसेनात. बायको शुद्धीवर आली याचाच चीफना केवढा आनंद झाला होता! त्यांनी तिचा हात धरला, हसले आणि मान डोलवली. “हो, हो.”

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुपारी ती गेली.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. चीफ सगळ्यांसमोर मान डोलवत बसले. उन्नती त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती. पोरीची आई गेली, बोलणार काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एकटे असले की संजीवनीने शेवटी काय मागितलं असेल, याचा विचार करायचे. पाणी? घरी न्या म्हणाली असेल? ते आतल्या आत तुटत होते.

तेराव्याची माणसं पांगल्यावर उन्नती गॅलरीत त्यांच्यासमोर येऊन बसली. खाली मान घालून काहीतरी बोलली. ओठ थांबले. चीफ सवयीने म्हणाले, “हो, हो.”

ती ताडकन उठली. चीफनी तिचा चेहरा पाहिला. त्यांनी तिचा हात धरला.

“थांब. काय बोललीस ते पुन्हा सांग. मला ऐकू येत नाही.”

“नाटकं करू नका, बाबा. रिपोर्ट माझ्या हातात आहे.”

“तो खोटा आहे. मी त्या तपासणाऱ्या मुलीच्या बोटाकडे बघून बटण दाबत होतो. वीस वर्षं लपवतोय, पोरी. मला काहीच ऐकू येत नाही.”

उन्नती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मग त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून, रडत रडत ओरडली. खालच्या गेटपर्यंत आवाज गेला.

“आई विचारत होती, सकाळचा राग होता म्हणून आला नाहीत का? आणि तुम्ही हो म्हणालात!”

या वेळी चीफना शब्दन् शब्द ऐकू आला.